ग्वेन स्टेसी, एक पूल आणि चार सिनेमे

जळमट

सुपरहीरोच्या सिनेमावर कुठलाही धागा निघाला की तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात ‘पण कॉमिकमध्ये असं नाहीये’ हे येतंच. बरेचदा लिहिणारा मीच असतो. तर आज उलटीकडून सुरुवात करू. कॉमिकमध्ये नक्की काय आहे ते आधी पाहू, आणि पडद्यावर जाताना त्यातलं काय टिकलं, काय गळलं यावर मग भांडू. अख्खं मार्व्हल-डीसी घेतलं तर धागा शंभरी गाठेल आणि मुद्दा एकही होणार नाही, म्हणून एकच प्रसंग घेतोय. स्पॉयलर भरपूर आहेत. गोष्ट १९७३ची आहे, तेव्हा त्याबद्दलच्या तक्रारी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’, अंक १२१. लेखन जेरी कॉनवे, रेखाटन गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या (म्हणजे स्पायडरमॅनच्याच) प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो आणि मारामारीत तिला खाली पाडतो. स्पायडरमॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं, ती पाण्याच्या वर लटकून थांबते. पठ्ठ्या स्वतःवर जाम खूश. तिला वर ओढता ओढता आपल्या कर्तबगारीबद्दल बडबड चाललीये. ती हातात आल्यावर कळतं की ती गेलेली आहे.

आता ती जाळं चिकटण्याची चौकट परत बघा. ग्वेनच्या मानेपाशी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: ‘स्नॅप’. एरवी कॉमिकमधले आवाज अर्धं पान अडवून बसतात, आणि हा एवढासा. म्हणजे ती पडल्यामुळे मेली की त्याने धरल्यामुळे? गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडताना माणूस वाटेतच मरतो, जाळं पोचायच्या आधी. पीटरला तो आवाज ऐकू आला की नाही, कुणीच सांगत नाही. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना खुद्द संपादकांनी मान्य केलं की अचानक थांबण्याच्या हिसक्यानेच ती गेली. आणि या कथेचं नाव पहिल्या पानावर छापलेलंच नाही, ते येतं शेवटच्या पानावर. कारण नावातच सगळं फुटलं असतं.

माझं म्हणणं असं की ही चौकट कॉमिकमध्येच जमते. कॉमिक वाचताना वेळ वाचकाच्या ताब्यात असतो. पहिल्या वाचनात तो शब्द नजरेतून निसटतो. ती मेल्याचं कळतं, आपण घाईघाईने मागे येतो, आणि मग तो दिसतो. म्हणजे पीटरच्या मनात जी शंका आयुष्यभर राहणार, ती वाचकाला स्वतःच्या हाताने शोधून काढावी लागते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं पुढे ढकलत जातो. थिएटरात बसलेल्याला मागे यायची सोय नाही.

मग दिग्दर्शकांनी काय केलं?

सॅम रेमीने २००२मध्ये पूल घेतला, गॉब्लिन घेतला, मुलगी मात्र मेरी जेन घेतली. गॉब्लिनच्या एका हातात ती, दुसऱ्या हातात पोरांनी भरलेली केबल कार: बोल, कुणाला वाचवतोस? स्पायडरमॅन दोन्ही वाचवतो, आणि वरून न्यूयॉर्कची पब्लिक हाताला लागेल ते गॉब्लिनला फेकून मारते. १२१ वाचलेल्याला ही चक्क पळवाट वाटेल. मला पटते. ११ सप्टेंबरला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. त्या शहरात, त्या वर्षी, उंचावरून माणूस पडून मेलेला दाखवायला मी तरी धजावलो नसतो.

मार्क वेबने २०१४मध्ये मात्र सगळं कॉमिकबरहुकूम केलं. ग्वेनचा हिरवा कोटसुद्धा. पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा आहे, आणि काटे थांबतात ते १ वाजून २१ मिनिटांवर, म्हणजे अंक १२१! चाहत्यांना डोळा मारणं म्हणतात ते हेच. जाळ्याचं टोक उघडलेल्या पंजासारखं तिच्याकडे झेपावतं, तिला धरतं, पण तोवर तिचं डोकं फरशीवर आपटलेलं असतं. म्हणजे त्याला उशीर झाला, बस. उशीर होणं वेगळं आणि आपल्याच हाताने जीव जाणं वेगळं. तपशील एकूण एक जागच्या जागी, आणि विंचवाची नांगी तेवढी काढून टाकलेली.

२०२१च्या ‘नो वे होम’मध्ये हाच स्पायडरमॅन, म्हणजे अँड्र्यू गारफिल्ड, दुसऱ्याच विश्वातल्या पीटरची प्रेयसी एमजे पडताना बघतो. उडी मारून तिला कवेत घेतो आणि त्याचा चेहरा कोसळतो. कॉमिकमध्ये यातलं काहीही नाही. तरी १२१ ज्याने खरोखर वाचलाय त्यालाच हे सुचू शकतं.

चौथा सिनेमा २०२३चा ‘अक्रॉस द स्पायडरव्हर्स’. त्यात वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या मिगेल ओहारा, त्याचं म्हणणं काय? प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना घडायलाच हव्यात. पोलीस कॅप्टन मरायलाच हवा. ग्वेनचा बाप कॅप्टन जॉर्ज स्टेसी १९७०मध्ये अंक ९०त कोसळत्या ढिगाऱ्याखालून एका पोराला वाचवताना मेला, तेव्हा मुंबॅटनमधल्या (मुंबई अधिक मॅनहॅटन, काल्पनिक शहर) इन्स्पेक्टर सिंगनेही तसंच मरायला हवं. सिनेमाचा नायक, पोरगेला स्पायडरमॅन माइल्स त्याला वाचवतो आणि मिगेल भडकतो. अहो, हा मिगेल म्हणजे आपणच की! ‘कॉमिकमध्ये असं नाहीये’ म्हणत कीबोर्ड बडवणारा पंखा, फक्त स्नायू जास्त.

थोडक्यात, घटना आणि कोट जुळवत बसणाऱ्या सिनेमापेक्षा मूळ चौकटीत नेमकं काय दुखतंय ते ओळखणारा सिनेमा मला जास्त इमानदार वाटतो. या आता काठ्या घेऊन.

अबचौकी

रुमाल टाकून ठेवतो, हापिसातून घरी पोचलो की सविस्तर. तोवर एवढंच की वेबच्या सिनेमाबद्दल प्रचंड असहमत.

रात्रपाळी

लेख आवडला, पण उदाहरण सोयीचं निवडलंय. एकाच प्रसंगाची चार रूपं तपासायची म्हटली तर ‘इमानदारी’ हाच निकष येणार. बॅटमॅनकडे या. नोलानच्या ‘डार्क नाइट’ची गोष्ट कुठल्याच एका कॉमिकमध्ये नाही, तरी ती कॉमिक्सच्याच मातीतली आहे.

‘द लाँग हॅलोवीन’मध्ये (लोएब आणि टिम सेल, १९९६-९७) बॅटमॅन आणि सरकारी वकील हार्वी डेंट मिळून माफिया फाल्कोनच्या काळ्या पैशाचा ढीग पेटवतात. सिनेमात नोटांचा डोंगर पेटतो, पण पेटवणारा जोकर. कॉमिकमध्ये ती आग म्हणजे कायद्याच्या माणसाने ओलांडलेली पहिली रेघ. सिनेमात ती ज्याला पैसाच नकोय अशा माणसाची ओळख आहे. तीच आग, अर्थ पार उलटा, आणि दोन्ही ठिकाणी चपखल. डेंटचा चेहरा कॉमिकमध्ये कोर्टात अ‍ॅसिडने जळतो, सिनेमात पेट्रोल आणि स्फोटाने. फरक पडला का कुणाला?

त्याआधीच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये तो बुटातल्या यंत्राने वटवाघळांचा थवा बोलावतो, ते तर ‘इयर वन’मधून (मिलर आणि मात्सुकेली, १९८७) सरळ उचललंय. उचलावंच. नोलानला कळलं होतं की काय उचलायचं आणि काय वितळवायचं.

बाकी स्पायडरमॅन हा पोरासोरांचा हीरो आहे हे माझं जुनं मत कायम.

जळमट

> स्पायडरमॅन हा पोरासोरांचा हीरो आहे

अब्जाधीश माणूस रात्री गरीब चोरांना बडवतो, ते प्रौढांचं का? चालू द्या. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या पहिल्याच अंकात (१९६३) त्याला कामाचे पैसे चेकने मिळतात, तेही स्पायडरमॅनच्या नावाने. बँकेतला कारकून म्हणतो, ओळखपत्र दाखवा, पोशाख काय कुणीही घालेल. चेक वटतच नाही! खात्यात नाव एक आणि आधारवर दुसरं असलेल्या कुणालाही विचारा, यापेक्षा प्रौढ दुःख नाही.

हेच रेमीच्या दुसऱ्या भागात (२००४) आहे म्हणून तो माझा सगळ्यात लाडका. पिझ्झा वेळेत पोचत नाही म्हणून नोकरी जाते, घरमालक भाड्यासाठी दार वाजवत असतो. त्या घरमालकाचं नाव डिट्कोविच, म्हणजे मूळ चित्रकार स्टीव्ह डिट्कोला सलाम. नंतरच्या मार्व्हल सिनेमांत टोनी स्टार्क पोराला कोट्यवधींचा सूट शिवून देतो आणि भाड्याचा प्रश्नच मिटतो. ते मला कधी पचलं नाही. ‘नो वे होम’च्या शेवटी मात्र तो फाटक्या खोलीत राहायला जातो आणि स्वतः मशीनवर पोशाख शिवतो. तीन सिनेमे घेतले, पण आले एकदाचे घरी.

निळावंती

बरीच चर्चा झाली त्या चौकटीची. एक विचारू? त्या पुलावर ग्वेन काय बोलते?

काहीच नाही. ती बेशुद्ध आहे. तिच्या मरणाचा धागा निघाला, तिच्या मरणाने कोणाकोणाला किती दुखलं याचा हिशोब झाला, आणि ती स्वतः त्यात फक्त एक पडणारी वस्तू आहे. हीरोला दुःख हवं म्हणून त्याची बाई मारायची, हा प्रकार कॉमिक्समध्ये इतका बोकाळला की गेल सिमोनने १९९९मध्ये अशा बायकांची यादीच करून वेबसाइटवर टाकली. निमित्त होतं ‘ग्रीन लँटर्न’ अंक ५४चं, त्यात हीरोच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. सिमोन पुढे स्वतः नावाजलेली कॉमिक लेखिका झाली.

या बाजूने बघितलं तर तुम्ही ज्याला नांगी काढलेला विंचू म्हणता त्या २०१४च्या सिनेमात ग्वेन निदान माणूस आहे. पीटर तिला जाळ्याने गाडीला चिकटवून जातो, ती सुटका करून घेऊन त्याच्या मागे येते. वीज परत सुरू करण्याचं काम ती करते. ती तिथे आहे कारण तिने तसं ठरवलंय. म्हणून तिचं मरण मला कॉमिकपेक्षा जास्त लागलं.

आणि २०१४मध्येच कॉमिकवाल्यांनी स्वतःच दुरुस्ती केली: ‘एज ऑफ स्पायडरव्हर्स’ अंक २, लातूर आणि रॉड्रिगेझ. (हो, आडनाव लातूर. आमच्याकडच्यांनी उगाच हुरळून जाऊ नये.) तिथे कोळी चावतो ग्वेनला, आणि मरतो पीटर.

टवाळ मांजर

निळावंती +१००. आणि मराठवाड्याचा अखेर कॉमिक्समध्ये प्रवेश झाल्याबद्दल पेढे.

जळमट

निळावंती, २०१४च्या ग्वेनबद्दल तुमचा मुद्दा दमदार आहे. पण १२१ एकटा वाचू नका, १२२ही वाचा. शेवटचं पान. पीटर घरी येतो, खोलीत मेरी जेन आहे. तोवर ही मुलगी म्हणजे पार्ट्या, नाच आणि थट्टा. तो दुःखाच्या भरात तिला नको ते बोलतो: तुला कशाचं काय पडलंय, जा. ती रडत दारापर्यंत जाते. दार उघडं आहे. ती थांबते, दार आतून लावते आणि परत येते. संवाद नाही, फक्त दाराचा आवाज. एका बाईच्या मरणाची गोष्ट दुसऱ्या बाईच्या निर्णयावर संपते.

आजवर एकाही सिनेमाने हे पान घेतलेलं नाही. पूल सगळ्यांना हवा, दार कुणालाच नको.

डेंकालीकर

अरे जळमटा, तुमचा कोळी १९६२चा. आमचा वेताळ (इंग्रजीत फँटम) १९३६पासून जंगलात घोड्यावर बसलाय, त्याचं नाव कोणी घेईल की नाही?

तुम्हा पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. टाइम्सवाल्यांनी १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. आम्ही ती मराठीतून वाचली. भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं होती, मधली पानं लोकांनी फाडून नेलेली असायची, तिथली गोष्ट आपण मनानेच भरायची. सुरुवातीच्या अंकांत वेताळाचा पोशाख निळा होता, जांभळा नंतर झाला. मूळ देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं. १९९०ला सगळा कारभार बंद.

१९९६ला त्याचा इंग्रजी सिनेमा आला, बिली झेन होता. पोशाख जांभळा, अंगठी होती, कवटीची गुहा होती, लांडगा होता, घोडा होता. सगळं होतं आणि तरी काहीतरी गडबड होती. ती काय, हे तुझा लेख वाचून आता सांगता येतंय. आमचा वेताळ कमी बोलायचा. चारशे वर्षं न मरणारा माणूस अशी त्याची दहशत, आणि हे गुपित फक्त वाचकाला ठाऊक की हा एकविसावा आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. पडद्यावरचा माणूस हसरा, गोड, शेजारच्या बंगल्यातला वाटतो. दहशत कशी बसणार?

तिरपागडं

काका, दंडवत! फाटलेली पानं मनाने भरायची हे भारी.

जळमट, ‘वॉचमेन’बद्दल कसं काही लिहिलं नाही? तुमच्या म्हणण्याला सगळ्यात मोठा पुरावा तोच, आणि सगळ्यात मोठा अपवादही.

पुरावा यासाठी की मूर आणि गिबन्सच्या त्या १२ अंकांचा (१९८६-८७) कणा म्हणजे पानावरच्या नऊ चौकोनांची जाळी. पाचव्या अंकात तर पहिलं पान आणि शेवटचं पान एकमेकांची आरशातली प्रतिमा, दुसरं आणि शेवटून दुसरं तसंच, असं करत मध्यावर येतं. हे सिनेमात कसं आणणार? झॅक स्नायडरने २००९मध्ये चौकटीच्या चौकटी हुबेहूब उभ्या केल्या, आणि चौकट ‘थांबलेली’ वाटावी म्हणून स्लो मोशन लावलं. झालं असं की कॉमिकमध्ये जी हाणामारी ओंगळ आणि केविलवाणी होती ती पडद्यावर झकास दिसायला लागली. ज्या माणसांची कीव यायला हवी ती पोस्टरवरची वाटतात.

अपवाद म्हणजे त्याच सिनेमाची श्रेयनामावली. सहाएक मिनिटांत चाळीस वर्षांचा पर्यायी इतिहास, जवळपास गोठलेल्या दृश्यांतून. तिथे तेच स्लो मोशन बरोब्बर काम करतं, कारण ती फोटोंची वही आहे. तेवढी नामावली मी कधीही परत बघेन. सिनेमा नाही.

रात्रपाळी

स्नायडरच्या नावाने खडे फोडणं ही फॅशन झालीये. कॉमिकच्या शेवटी शहरावर येऊन पडणारा राक्षसी स्क्विड काढून सगळ्या संहाराचं खापर डॉक्टर मॅनहॅटन या महामानवावर फोडलं, ते कॉमिकपेक्षा जास्त बांधेसूद आहे. बोला.

तिरपागडं

बांधेसूद आहे, मान्य. पण मॅनहॅटन अमेरिकेचा माणूस. त्याने मॉस्कोवर हल्ला केला असं रशियाला वाटलं तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात गळा घालेल की क्षेपणास्त्र सोडेल? स्क्विड वेडगळ आहे खरा, पण तो कुणाचाच नाही हीच त्याची गंमत. २०१९च्या मालिकेत त्यांनी स्क्विडच खरा धरला.

हिशेबनीस

कला वगैरे ठीक. पैशाचं बोलतो.

सुपरमॅनचे हक्क त्याच्या जनकांनी, सीगल आणि शुस्टरने, १९३८मध्ये १३० डॉलरला दिले. पहिल्या मोठ्या सिनेमाची तयारी चालू असताना, १९७५मध्ये, बोभाटा झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर पेन्शन आणि श्रेयात नाव कबूल केलं. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर १९७४मध्ये वारला, आणि त्याचं नाव बॉब केनच्या बरोबरीने अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. थॅनोसचा जनक जिम स्टार्लिन याने २०१७मध्ये जाहीर सांगितलं की मार्व्हलच्या सिनेमांतली त्याची सगळी पात्रं मिळून जेवढे पैसे आले, त्याहून जास्त डीसीने एका फुटकळ खलनायकाचे दिले. पुढे मार्व्हलने त्याच्याशी नव्याने बोलणी केली.

तेव्हा ‘मूळ कलाकृतीशी इमान’ वगैरे चर्चा करताना मूळ कलाकाराशी इमान हा रकानाही ठेवा. ‘वॉचमेन’वाल्या अ‍ॅलन मूरने तर वैतागून सिनेमांवरून स्वतःचं नावच काढायला लावलं.

अबचौकी

आलो. निळावंतींनी माझा अर्धा प्रतिसाद खाल्ला, तेव्हा उरलेला देतो.

जळमट म्हणतात चौकटीचा थांबलेला वेळ पडद्यावर येत नाही. ‘इंटू द स्पायडरव्हर्स’ (२०१८, ऑस्कर मिळालं) परत बघा. त्यात छपाईचे ठिपके आहेत, रंग रेषेबाहेर सरकलेले आहेत, आवाज अक्षरांत उमटतात. सगळ्यात चलाखी म्हणजे नवशिक्या माइल्सची हालचाल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांत आहे आणि मुरलेल्या पीटरची २४ चित्रांत. जंगलात दोघे शेजारी शेजारी झोके घेतात तेव्हा एक अडखळतो, एक वाहतो. अनाडीपण संवादात सांगितलेलं नाही, चित्रांच्या संख्येत आहे. म्हणजे वेळेशी खेळायचं तंत्र सिनेमाकडेही आहे, अभिनेत्यांना रबरी कपडे घालून क्रेनला टांगणाऱ्यांना ते सुचलं नाही इतकंच.

दुसरा भाग मी मराठीत डब केलेला पाहिला. भारतात तो १० भाषांत आला होता, त्यात मराठी होती. खेळ शोधता शोधता नाकी नऊ आले, पण भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरला मराठीत बागडताना बघून दिल खूश. मूळ कॉमिकमधला पवित्र (२००४, चारच अंक, चित्रं जीवन कांग यांची) धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवर चढतो आणि एक योगी त्याला शक्ती देतो. कल्पना गोड, पण परदेशी पाहुण्याला दाखवायला काढलेल्या भारतासारखी. सिनेमातला पवित्र केसांना तेल काय लावतो ते सांगतो आणि ट्रॅफिकमधून मजेत झोके घेतो. इथे मूळ सोडलं ते उत्तमच झालं.

जळमट

१२ आणि २४चा मुद्दा मान्य करायलाच हवा. ‘स्नॅप’ कुणी काढावा तर अ‍ॅनिमेशनवाल्यांनीच.

डेंकालीकर

मग वेताळाचाही तसाच काढा म्हणावं. आणि त्याला कमी बोलू द्या.

नवखा गडी

सगळं डोक्यावरून गेलं पण मजा आली. मी फक्त सिनेमे पाहिलेत. सुरुवात कुठून करू? बजेट फार नाही.

अबचौकी

‘इयर वन’. चार अंक, एक पुस्तक, मागचं-पुढचं काही माहीत असायची गरज नाही. पुण्यात असाल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी कॉमिक्स कधीकधी स्वस्तात सापडतात. स्पायडरमॅनच हवा असेल तर १२१ आणि १२२, दोन्ही एकत्र.

रात्रपाळी

वा! सुरुवात बॅटमॅनपासूनच सुचवली की नाही? रविवारी ‘लाँग हॅलोवीन’वर वेगळा धागा काढतो. मांजर, तू पेढे घेऊन ये.